उदारमतवादी माणसाने वास्तुशांतीला बसावे काय?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी बँकेतून निवृत्त झालो आहे. सदाशिव पेठेतील आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास होऊन नवी सदनिका ताब्यात आली असून पुढच्या महिन्यात वास्तुशांत करायचे ठरले आहे. राज्यशास्त्रात एम. ए. करणारी माझी मुलगी म्हणते, की ती उदारमतवादी असल्यामुळे पूजेत भाग घेणार नाही आणि त्या दिवशी घरीही थांबणार नाही, कारण नुसती हजेरी म्हणजेही संमतीच. उदारमतवादाचा जन्मच धर्माविरुद्धच्या लढ्यातून झाला, त्यामुळे श्रद्धाळू उदारमतवादी असा प्राणी असूच शकत नाही, असे तिचे मत आहे. माझे मेहुणे नेमके उलट सांगतात. त्यांच्या मते उदारमतवाद हे ख्रिस्ती धर्माचेच वेषांतर असून ते इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले, तेव्हा आपल्याला त्याच्याशी काही कर्तव्य नाही. मी दरवर्षी पालखीबरोबर सासवडपर्यंत चालत जातो आणि न्यायमूर्ती रानड्यांना मानतो. मला दोघांचेही पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. परवा रागाच्या भरात मी मुलीला म्हणालो, की या घरात राहायचे असेल तर पूजेला बसावे लागेल. बसली म्हणजे हळूहळू गोडी लागेल, असे मला मनापासून वाटते. यात माझे काही चुकते आहे काय?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीने सांगितलेला इतिहास खोटा नाही. तो मुख्यतः एका देशाचा आणि फार तर दीड शतकाचा आहे, एवढीच त्याची मर्यादा. फ्रान्समध्ये राजसत्ता आणि कॅथलिक धर्मसत्ता यांचे हितसंबंध इतके गुंतलेले होते, की एकीला प्रश्न विचारणाऱ्याला दुसरीशी सामना करावाच लागे. तुलूज येथील ज्यां कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यावर, मुलगा कॅथलिक होऊ नये म्हणून त्याने त्याचा खून केला, असा आरोप ठेवून १७६२ मध्ये त्याला हालहाल करून ठार मारण्यात आले. फ्रेंच लेखक व्होल्टेअरने त्या निकालाविरुद्ध मोहीम उघडली आणि पुढच्याच वर्षी सहिष्णुतेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. क्रांतीनंतर चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली, १७९३ च्या सुमारास ख्रिस्ती उपासनाच बंद पाडण्याचे प्रयत्न झाले, आणि या दीर्घ झगड्यातून १९०५ चा, राज्य आणि चर्च यांना विभक्त करणारा कायदा निघाला. रोमनेही हे वैर जोपासले. पोप नववे पायस यांनी १८६४ मध्ये त्याज्य मतांची ऐंशी कलमांची यादी जाहीर केली. पोपने प्रगती, उदारमतवाद आणि आधुनिक सभ्यता यांच्याशी जुळवून घ्यावे, हे मत तिच्या अगदी शेवटच्या कलमात त्याज्य ठरवलेले आहे. एवढे वाचल्यावर कोणत्याही हुशार विद्यार्थिनीला तुमच्या मुलीसारखेच वाटेल.

मात्र या कथेचा आरंभ शोधत दोनशे वर्षे मागे गेले, तर तेथे नास्तिक भेटत नाहीत. भेटतात ती कमालीची धर्मनिष्ठ माणसे. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, ख्रिस्ती सिद्धांत नाकारल्याबद्दल मायकेल सर्व्हेटस याला १५५३ मध्ये जिनीव्हा येथे जिवंत जाळण्यात आले, आणि या शिक्षेचे समर्थन तेथील प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन याने खुद्द केले. त्याला उत्तर देणारा सेबास्टियन कास्टेलिओ हा बायबलचा भाषांतरकार होता. माणसाला ठार मारणे म्हणजे सिद्धांताचे रक्षण करणे नव्हे, ते माणसाला ठार मारणेच होय, हे त्याचे वाक्य आजही उद्धृत केले जाते. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार होऊन १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवणाऱ्या रॉजर विल्यम्सला तर आजूबाजूची बहुतेक चर्च पुरेशी शुद्धच वाटत नसत. चर्चची बाग आणि जगाचे रान यांच्यामध्ये भिंत असावी, असे त्याने १६४४ मध्ये लिहिले, ते रानाच्या रक्षणासाठी नव्हे, तर बागेच्या. सत्तेचा हात लागला की धर्म भ्रष्ट होतो, ही त्याची भीती होती. फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्येर बेल या प्रॉटेस्टंट विचारवंताचा भाऊ १६८५ मध्ये तुरुंगात मरण पावला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी बेलने, ‘त्यांना आत येण्यास भाग पाड’ या बायबलमधील वचनाच्या आधारे सक्तीचे समर्थन करणाऱ्यांविरुद्ध एक आख्खा ग्रंथ लिहिला. चुकलेल्या सदसद्विवेकबुद्धीलाही हक्क असतात, कारण चुकणाऱ्याला आपण चुकतो आहोत हे कळत नसते, हा त्यातील युक्तिवाद मला व्होल्टेअरच्या सगळ्या उपरोधापेक्षा अधिक खोल वाटतो.

इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकचे सहिष्णुतेविषयीचे पत्र याच मालिकेत बसते. फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंटांना दिलेले संरक्षण १६८५ मध्ये काढून घेतले आणि त्यांचे लोंढे देशाबाहेर पडू लागले, त्या सुमारास लॉक स्वतः इंग्लंडमधून निघून हॉलंडमध्ये लपून राहिला होता. तेथे त्याने हे पत्र लॅटिनमध्ये लिहिले आणि १६८९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. राजाच्या हाती दंड असतो, दंडाने शरीर वाकवता येते, श्रद्धा मात्र अंतःकरणाच्या पटण्यातून येते. म्हणून धर्म हे राजाचे क्षेत्र नव्हे, असा त्याचा मुख्य मुद्दा आहे. या पत्रातील सहिष्णुता सर्वांसाठी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ज्यांची निष्ठा परकीय सत्तेशी बांधलेली आहे अशांना, म्हणजे व्यवहारात कॅथलिकांना, त्याने वगळले आणि नास्तिकांनाही वगळले, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा, असे त्याला वाटे. तेव्हा तुमच्या मुलीने आपल्या मताच्या समर्थनार्थ लॉकचे नाव घेतले, तर लॉकच्या व्यवस्थेत तिलाच जागा नव्हती, हे तिला आठवण करून देता येईल.

ज्या वाक्यासाठी तुम्ही हे पत्र लिहिले असावे, त्याकडे आता वळतो. बसली म्हणजे हळूहळू गोडी लागेल, असे तुम्ही म्हणता. हाच युक्तिवाद लॉकच्या पत्राला उत्तर देताना १६९० मध्ये ऑक्सफर्डच्या जोनस प्रोस्ट या धर्मगुरूने केला होता. सक्तीने श्रद्धा निर्माण होत नाही हे प्रोस्टला मान्य होते. पण माणसे आळसाने किंवा हट्टाने ज्या गोष्टीचा विचारच करत नाहीत, त्याकडे थोड्या दंडाने त्यांचे लक्ष वळवता येते आणि मग पटण्याचे काम पुराव्यावर सोपवता येते, असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे मूर्खपणाचे नाही. लहानपणी कंटाळत, मोठ्यांच्या धाकाने हरिपाठाला बसलेल्या कितीतरी जणांना पुढे त्याच अभंगांनी आधार दिला आहे, आणि सक्तीने मन वळतच नाही हे लॉकचे विधान जसेच्या तसे टिकत नाही, असे मलाही वाटते. म्हणूनच लॉकने पुढच्या पत्रांमध्ये आपला भर दुसऱ्या उत्तरावर दिला. खऱ्या धर्मासाठी सक्ती योग्य, हे एकदा मान्य केले, की प्रत्येक राजा आपलाच धर्म खरा समजून दंड उगारणार, आणि जगात जितके राजे तितक्या सक्ती न्याय्य ठरणार. हे उत्तर आजही अभेद्य आहे. तुमच्या घरापुरते बोलायचे, तर गोडी लागावी म्हणून मुलीला पूजेला बसवण्याचा अधिकार तुम्हाला असेल, तर उद्या तिच्या घरी तुम्ही राहायला गेलात तेव्हा, विचार करण्याची सवय लागावी म्हणून तुमची वारी बंद करण्याचा अधिकार तिलाही असेल. शिवाय ती आता आठ वर्षांची नाही.

येथे एक गंमत नोंदवण्याचा मोह आवरत नाही. राजकीय गट म्हणून ‘लिबरल’ हे नाव प्रथम धारण केले ते स्पेनमधील कादिस येथे जमलेल्या प्रतिनिधींच्या एका गटाने, आणि त्यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या १८१२ च्या राज्यघटनेने कॅथलिक धर्म हाच स्पॅनिश राष्ट्राचा धर्म ठरवून इतर उपासनांना मनाई केली. उलट ज्या रोमने उदारमतवाद त्याज्य ठरवला होता, त्याच रोमने १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, धार्मिक स्वातंत्र्य हा माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क आहे, असे जाहीर केले. श्रद्धा आणि स्वातंत्र्य यांचे नाते जन्मजात वैराचे असते, तर हे दोन्ही प्रकार घडले नसते.

मेहुण्यांच्या म्हणण्यात मला मुलीच्या म्हणण्यापेक्षा अधिक तथ्य दिसते, जरी त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा असला तरी. धर्म म्हणजे मुख्यतः अंतःकरणातील विश्वास, ही लॉकची कल्पना प्रॉटेस्टंट वळणाची आहे. आपल्याकडे काय मानता यापेक्षा काय करता, कोणाच्या हातचे खाता, कोठे बसता आणि कोणाशी सोयरीक करता, यावर धार्मिक जीवन उभे राहिले. त्यामुळे विश्वास माणसावर सोपवा आणि बाह्य व्यवहार राज्याकडे ठेवा, ही लॉकची वाटणी येथे जशीच्या तशी बसत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात, धर्म म्हणजे केवळ मते नसून विधी आणि आचारही त्यात येतात, असे स्पष्ट केले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पस्तीस वर्षे काढलेल्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला, त्यात आरंभीच, मागासलेल्या समाजांना हे तत्त्व लागू नाही, त्यांच्यावर सुधारणेच्या हेतूने एकतंत्री राज्य चालवणे योग्य आहे, असे म्हटले आहे. हे वाचून मेहुण्यांना राग येत असेल, तर तो रास्त आहे.

पण एखादा विचार कोठून आला, यावरून तो आपल्या उपयोगाचा आहे की नाही, हे ठरत नाही. येथल्या माणसांनी त्याचे काय केले, हे पाहावे लागते. आणि त्यासाठी तुमच्या जुन्या घरापासून फार लांब जावे लागत नाही. १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने, प्रजेवर आपली धर्ममते लादणार नाही, असे वचन दिले होते. राजा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहिला म्हणजे प्रजा स्वतंत्र होते, हे खरे असते, तर एकोणिसाव्या शतकातील पुणे हे जगातील मोकळ्या शहरांपैकी एक ठरले असते. येथे सक्ती सरकारच्या हाती नव्हतीच. ती जातीच्या हाती होती. तिचे हत्यार तुरुंग नव्हते, वाळीत टाकणे हे होते.

पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरण तुम्हाला ठाऊक असेल, पण ते या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. १८९० च्या ऑक्टोबरात या मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली, त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटे आली, कोणी चहा घेतला, कोणी संकोचाने पेला नुसता हाती धरला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हा बेत जमवून आणला होता, आणि पुढे त्यांनीच उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली. त्या नावांत रानडे होते आणि टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, आणि दोषी ठरलेल्यांपुढे प्रायश्चित्त किंवा बहिष्कार असे दोनच मार्ग उरले. बहिष्कार म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते: घरात श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, लेकींना माहेरी पाठवले जात नाही, मुलाबाळांची लग्ने अडतात. दंड एका माणसाला आणि वेदना त्याच्या सगळ्या गोतावळ्याला, अशी ती व्यवस्था होती. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःला दोषी मानले म्हणून नव्हे, तर अडचणीत सापडलेल्या स्नेह्यांची वाट मोकळी व्हावी म्हणून. सुधारकांनी त्यांना त्याबद्दल बोल लावला. मला तो बोल कठोर वाटतो, तरी तो गैरवाजवी होता असे म्हणवत नाही.

सरकारने धर्मापासून हात झटकले तरी माणूस मोकळा होत नाही, हा या चहाचा बोध युरोपच्या ग्रंथांत सहजी सापडत नाही, आणि तो अजूनही जुना झालेला नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने, धर्मकारणावरून बहिष्कृत करण्याचा अधिकार हा त्या संप्रदायाच्या धार्मिक स्वातंत्र्याचाच भाग आहे, असे ठरवून तो कायदा रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत वेगळे होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला, आणि १९६२ च्या निकालाचा प्रश्न २०२३ मध्ये घटनापीठाने अधिक मोठ्या पीठाकडे सोपवला. संप्रदायाचे स्वातंत्र्य आणि त्या संप्रदायातील एकट्या माणसाचे स्वातंत्र्य यांपैकी कोणाला झुकते माप द्यायचे, हा उदारमतवादातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक आहे, आणि तो परदेशी आहे असे मेहुण्यांनाही म्हणता येणार नाही.

तुम्ही मानता त्या रानड्यांनी या प्रश्नाला आतून हात घातला. पुण्यात १८९६ मध्ये डेक्कन सभेची स्थापना झाली, तेव्हा त्यांनी उदारमत आणि नेमस्तपणा हीच तिची ब्रीदे ठरवली, आणि वंश व पंथ यांच्या पूर्वग्रहांपासून मुक्ती आणि माणसामाणसांत न्याय करणाऱ्या गोष्टींची अढळ निष्ठा, असा उदारमताचा अर्थ सांगितला. हे लिहिणारा माणूस प्रार्थना समाजात प्रवचने देत होता आणि तुकोबांचे अभंग म्हणताना सद्गदित होत होता. मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात त्यांनी संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली आहे. ही तुलना मला थोडी ताणलेली वाटते. लूथरने एक संघटित धर्मपीठ फोडले, संतांपुढे तसे पीठ नव्हते, आणि त्यांनी भक्तीत दिलेली समता मंदिराच्या पायरीशी थांबली. चोखोबांच्या समाजाला पांडुरंगाचे मंदिर मोकळे व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले, आणि आपल्या पर्वतीच्या पायथ्याशी १९२९ मध्ये मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह करणाऱ्यांना दगड खावे लागले. सासवडपर्यंत चालताना हेही आठवत असावे, असे मला सुचवावेसे वाटते.

मुलीसाठी आगरकर आहेत. त्यांची ईश्वरावर श्रद्धा नव्हती, मिल आणि स्पेन्सर त्यांनी पचवले होते, आणि ‘केसरी’ सोडल्यानंतर १८८८ मध्ये काढलेल्या ‘सुधारक’मधून त्यांनी धर्माच्या नावाने चालणाऱ्या जवळपास प्रत्येक रूढीची चिकित्सा केली. पण १८९१ मध्ये मुलींच्या संमतिवयाचा कायदा दहावरून बारा वर्षांवर जात असताना, आगरकर बुद्धीच्या आधारे, रानडे न्यायबुद्धीच्या आणि ईश्वरनिष्ठेच्या आधारे, तर डॉ. भांडारकर शास्त्रवचनांच्या आधारे एकाच बाजूला उभे होते. श्रद्धाळू उदारमतवादी असू शकत नाही, या तिच्या सिद्धांताला एवढा एक प्रसंग पुरेसा आहे. उदारमतवादी नास्तिक येथे उपरा आहे, या मेहुण्यांच्या समजालाही तोच प्रसंग उत्तर देतो.

जोतीरावांचे उदाहरण मला याहूनही मोलाचे वाटते, कारण ते थेट घरात शिरतात. टॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांनी वाचले होते, १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता, आणि मूर्ती, अवतार व मध्यस्थ नाकारूनही सर्वांचा एक निर्मिक आहे, ही श्रद्धा त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यातील बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारावा, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी व्हावे, आणि या सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात गोडीगुलाबीने राहावे, असे त्यांनी लिहिले आहे. लॉकच्या कल्पनेला राजा आणि प्रजा यांच्या पलीकडे जाता आले नव्हते. जोतीरावांनी तोच प्रश्न आई, बाप आणि लेकरे यांच्यामध्ये नेऊन ठेवला.

तुमच्या रागाच्या वाक्याकडे परत यायचे, तर त्यासाठी पंडिता रमाबाईंचे प्रकरण वाचले पाहिजे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी तेथील धर्मभगिनींचेही सगळे ऐकले नाही. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती मी दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या स्वाधीन करणार नाही, अशा आशयाचा पत्रव्यवहार त्यांनी वर्षानुवर्षे केला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन त्यांनी पुढच्या वर्षी पुण्यात आणले. तेथे विधवा मुलींना शिक्षण आणि आसरा मिळे, आणि धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, अशी हमी होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. मी कोणाला बोलावत नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रानडे आणि भांडारकर यांचा आक्षेप असा, की ज्या मुलींना दुसरे कोणतेही छप्पर नाही, त्यांच्यापुढे छप्पर देणाऱ्या बाईंची प्रार्थना ही केवळ प्रार्थना राहत नाही. आणि १८९३ मध्ये ते सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन्ही बाजूंना सदसद्विवेकाचीच चाड होती. या वादात कोण बरोबर होते, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही, मात्र रानड्यांच्या आक्षेपातील तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. अन्न, छप्पर आणि शिक्षण ज्याच्या हातून मिळते, त्याने नुसती इच्छा व्यक्त केली तरी तिला आज्ञेचे वजन येते. तुम्ही तर इच्छा व्यक्त करून थांबला नाहीत, छपराची अटच घातलीत. रानड्यांना मानणाऱ्या माणसाने निदान या एका बाबतीत त्यांचे ऐकावे.

डॉ. आंबेडकरांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले, की या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सगळे जीवन व्यापून बसल्या आहेत, आणि धर्माची व्याप्ती मर्यादित केली नाही तर कोणतीही सामाजिक सुधारणा कायद्याने करता येणार नाही. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवले. हेच आंबेडकर १९५६ मध्ये बौद्ध झाले, आणि स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे त्यापूर्वीच त्यांनी आकाशवाणीवरून सांगितले होते. तुमची मुलगी आणि तुमचे मेहुणे, दोघांनाही हे एक वाक्य अडचणीत आणणारे आहे.

आता वास्तुशांतीचे. पूजेला यजमान म्हणून तुम्ही आणि तुमच्या पत्नी बसाल. मुलगी बसली नाही म्हणून विधीत काही उणे राहत नाही, हे तुमचे गुरुजीही सांगतील. घरात राहण्याची अट तुम्ही मागे घ्यावी, आणि ती पूजेच्या बोलण्यात मिसळून नव्हे, तर त्याआधी स्वतंत्रपणे, स्पष्ट शब्दांत मागे घ्यावी. ‘बरं, नको बसू, पण निदान आरतीला ये’ अशी घासाघीस त्याच वेळी सुरू केलीत, तर अट गेली असे तिला वाटणार नाही. नातेवाइकांनी विचारले तर परीक्षा आहे, बरे नाही, अशी कारणे रचू नयेत. तिला या विधीत भाग घ्यायचा नव्हता, एवढे खरे उत्तर पुरे आहे.

मुलीलाही हे पत्र दाखवायला माझी हरकत नाही. नुसती हजेरी म्हणजे संमती, हे समीकरण तिने कोठून घेतले, याचा तिने विचार करावा. पंचहौदाच्या चहाला उपस्थित असलेल्यांची यादी छापणाऱ्यांचे आणि त्यावरून त्यांना दोषी ठरवणाऱ्या शास्त्र्यांचे तर्कशास्त्र नेमके हेच होते. आईवडिलांच्या आनंदाच्या दिवशी पाहुण्यांना पाणी देणारी किंवा पंगतीत जेवणारी मुलगी वास्तुपुरुषाच्या अस्तित्वाला मान्यता देत नाही. तरीही तिला त्या दिवशी बाहेरच राहायचे असेल तर तो निर्णय तिचा आहे, आणि त्याचा राग तुम्ही तिच्या शिक्षणखर्चावर किंवा परतण्याच्या वेळेवर काढू नये.

एकत्र वाचायचे असेल तर लॉकचे पत्र लहान आहे, आगरकरांचे निबंध आणि रानड्यांची धर्मपर व्याख्याने मराठीत सहज मिळतात. आगरकर तुम्ही वाचावेत आणि रानडे तिने, उलट नको. मेहुण्यांशी वाद मात्र वास्तुशांतीच्या पंगतीत काढू नका. त्यासाठी नंतरचा एखादा रविवार ठेवा आणि त्या वेळी मुलीलाही बोलवा, कारण फ्रान्सच्या बाबतीत ती तुम्हा दोघांपेक्षा अधिक वाचून आलेली असेल.